ट्रॅक्टरला नांगर जड जातो? चाक फिरणं, पुढचं उचलणं, नांगर न घुसणं यांची कारणं आणि उपाय

रब्बी निघाली, रान मोकळं झालं की नांगरटीच्या दिवसांत त्याच त्या तक्रारी पुन्हा ऐकू येतात. ‘ट्रॅक्टर पन्नासचा आहे, तरी दोन फाळी पलटी नांगर ओढत नाही.’ ‘चाकं जागेवर फिरतात.’ ‘बांधावर वळताना पुढचं उचलतं.’ ‘नांगर वरवरच चालतो.’ मग कुणी पंप उतरवतो, कुणी क्लच प्लेट बदलतो, कुणी फिल्टर बदलून बघतो. पैसे जातात आणि पुढच्या उन्हाळ्यात तक्रार तिथंच असते. ट्रॅक्टर ठीक असतो, नांगरही ठीक असतो, पण दोघांची जोडी चुकलेली असते.

नांगर घेताना दुकानात एकच प्रश्न विचारला जातो, ‘ट्रॅक्टर किती एचपी?’ हा प्रश्न अपुरा आहे. आपल्याकडच्या भारी काळ्या रानात इंजिनाची ताकद संपायच्या आधी ट्रॅक्टरचं वजन कमी पडतं, चाकाची पकड सुटते. म्हणून नांगर आधी ट्रॅक्टरच्या वजनाशी जुळवायचा आणि मग एचपीशी. खाली जे लिहिलं आहे ते मुख्यतः ४० ते ५५ एचपीचा, मागच्या दोन चाकांवर चालणारा ट्रॅक्टर आणि काळं रान धरून आहे, कारण मराठवाडा, विदर्भ आणि सोलापूर-नगरच्या पट्ट्यात सगळ्यात जास्त त्रास याच जोडीला होतो.

आधी कमी काय पडतंय ते ओळखा

पाना हातात घेण्याआधी अर्धा तास रानात द्या. जिथं त्रास होतो त्याच शेतात, नेहमीच्या खोलीवर नांगर लावा आणि एक लांब तास, म्हणजे नांगराची एक सरळ ओळ, काढा. एक माणूस ट्रॅक्टरवर, दुसरा बाजूने चालत.

चाकं जमीन धरून आहेत पण इंजिनाचा आवाज बसतो, काळा धूर येतो, गिअर खाली टाकावा लागतो, तर ताकद कमी पडते आहे. इंजिन एकसुरात चालू आहे आणि मागची चाकं माती उकरत फिरतात, तर वजन किंवा पकड कमी आहे. स्टिअरिंग हलकं लागतं, पुढची चाकं तरंगल्यासारखी जातात, तर तोल बिघडलेला आहे. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर त्रास वाढतो. चाक फिरतं म्हणून इंजिनाचे आरपीएम वाढवणारे खूप दिसतात. त्याने फक्त टायर आणि डिझेल जळतं.

चाक किती फिरतं हे डोळ्याने नीट कळत नाही, म्हणून मोजा. मागच्या टायरवर खडूने खूण करा. नांगर वर उचलून, त्याच रानात, चाकाचे दहा फेरे होऊ द्या आणि किती अंतर गेलं ते टेपने मोजा. आता नांगर लावून पुन्हा दहा फेरे मोजा. समजा रिकामा ट्रॅक्टर दहा फेऱ्यांत ४० मीटर गेला आणि नांगर लावल्यावर ३३ मीटर. सात मीटर वाया गेले, म्हणजे साडेसतरा टक्के घसर. नांगरटीत १० ते १५ टक्के घसर चालते, ती पूर्ण जात नाही आणि जायलाही नको. १५ च्या वर गेलं की डिझेल फुकट जायला लागतं, २० च्या वर टायरही सोलायला लागतात.

नांगराची ओढ काढायचा हिशोब

हा हिशोब एकदा बसून केला की पुढचं सगळं सोपं होतं. नांगर मातीचा जो चौकोन कापतो त्याची रुंदी गुणिले खोली, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. आलेल्या आकड्याला मातीच्या जोराने गुणायचं. नांगरटीच्या साधारण वेगाला हलक्या, वाळूसर मातीत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.३५ किलो, मध्यम मातीत ०.५५ आणि भारी चिकण मातीत ०.८ किलो जोर लागतो. सुकून दगड झालेल्या काळ्या रानात तो याहूनही वर जातो.

दोन फाळी, बारा इंची नांगर घेऊ. दोन फाळांची रुंदी मिळून ६० सें.मी. खोली दहा इंच, म्हणजे २५ सें.मी. ६० गुणिले २५ म्हणजे १५०० चौ. सें.मी. त्याला ०.८ ने गुणलं की १२०० किलो. एवढी खेच ट्रॅक्टरने सतत द्यायची आहे.

आता ताकद. खेच किलोत, वेग ताशी किलोमीटरमध्ये, दोघांचा गुणाकार करून २७० ने भागायचं. १२०० किलो, वेग ताशी साडेचार किलोमीटर, म्हणजे २० एचपी. हे नांगराच्या टोकाला लागणारे एचपी आहेत. इंजिनावर छापलेल्या एचपीपैकी काही गिअरमध्ये जातात, काही टायर आणि मातीत. रानात हाताशी साधारण निम्मे उरतात असं धरा. ४५ चा ट्रॅक्टर, म्हणजे बावीस-तेवीस. ताकदीच्या बाजूने जोडी बसली.

आता वजनाची बाजू बघा. असा ट्रॅक्टर साधारण २००० किलोचा असतो. त्यातले साधारण १२४० किलो मागच्या चाकांवर. नांगराचा भार आणि ओढीमुळे मागे येणारं वजन धरलं तर काम चालू असताना मागच्या चाकांवर साधारण १७५० किलो येतात. घट्ट रानात चाकावरच्या वजनाच्या निम्मी खेच मिळते, मोकळ्या किंवा ओलसर रानात त्याहून कमी. म्हणजे हाताशी पावणेनऊशे किलो, आणि हवेत १२००. इंजिन तयार असूनही चाक फिरणार, कितीही सर्व्हिसिंग केलं तरी फिरणार.

खोली हा यातला सगळ्यात मोठा भाग आहे. हाच नांगर आठ इंचांवर, २० सें.मी. चालवला तर ओढ ९६० किलोवर येते. दोन इंचांत २४० किलोंचा फरक. ‘खोल नांगरट’ म्हणून दहा-बारा इंचांचा हट्ट धरणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. वेगही ओढ वाढवतो. भारी मातीत ताशी ५ वरून ८ किलोमीटरवर गेलात तर ओढ साधारण चौथा हिस्सा वाढते.

चाकं जागेवर फिरतात

पहिलं काम टायरमध्ये पाणी. मागच्या टायरची हवा भरायची नळी वरच्या बाजूला आणायची आणि त्या पातळीपर्यंत पाणी भरायचं, म्हणजे टायर पाऊण भरतो. १३.६-२८ च्या टायरमध्ये साधारण १९० लिटर पाणी मावतं. दोन टायर मिळून पावणेचारशे किलो वजन वाढतं, तेही अगदी खाली आणि थेट चाकावर. खर्च जवळपास काहीच नाही. वरच्या हिशोबात ही भर टाकली तर खेच साडेदहाशे किलोंच्या पुढे जाते, म्हणजे साडेआठ इंचांपर्यंत हाच ट्रॅक्टर नीट चालतो. नांगरट संपली आणि ट्रॅक्टर पेरणी-फवारणीला लागला की पाणी काढून टाका, नाहीतर ओल्या रानात तेच वजन जमीन दाबतं.

दुसरं, हवा. ऊस किंवा मुरूम ओढण्यासाठी ट्रॉलीच्या दिवसांत भरलेली कडक हवा नांगरटीतही तशीच राहते. कडक टायर जमिनीला कमी टेकतो. रानात मागच्या टायरला १२ ते १४ पौंड हवा बहुतेक ट्रॅक्टरना पुरते. आपल्या टायरचा आणि वजनाचा आकडा पुस्तिकेत बघून घ्या आणि दोन्ही बाजूंना सारखी ठेवा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तिच्यावर एक पैसा खर्च होत नाही. हायड्रॉलिकचे, म्हणजे मागचं अवजार उचलणाऱ्या यंत्रणेचे, दोन लिव्हर असतात: अवजार ठरलेल्या उंचीवर धरणारा पोझिशनचा आणि ओढ बघून वर-खाली करणारा ड्राफ्टचा. रोटाव्हेटर आणि पेरणीयंत्र पोझिशनवर चालतं, म्हणून हाताला तीच सवय लागते आणि नांगरही पोझिशनवरच चालवला जातो. नांगर ड्राफ्टवर चालवायचा. माती कडक लागली की ड्राफ्ट कंट्रोल नांगर किंचित उचलतो, त्या क्षणी नांगराचं आणि त्यावरच्या मातीचं वजन मागच्या चाकांवर येतं आणि चाक जमीन धरतं. कडक पट्टा संपला की नांगर परत खाली. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने १९२० च्या दशकात तीन दांड्यांची ही जोडणी घडवली ती याचसाठी. १९३९ चा फोर्ड-फर्ग्युसन ९एन टनभरापेक्षा थोडाच जास्त वजनाचा होता आणि दोन फाळी नांगर ओढायचा. तिथली माती आपल्याएवढी भारी नव्हती, पण तत्त्व तेच आणि ते आपल्या ट्रॅक्टरमध्ये बसवलेलं आहे. ड्राफ्टवर पहिल्या दोन-तीन ओळींत खोली कमी-जास्त होईल, लिव्हर थोडा थोडा खाली घेत जागा सापडते. दमट, मऊ पट्टे आणि कडक पट्टे एकाच शेतात असतील तर मऊ जागी नांगर फार खोल जातो, तेवढं हाताने सांभाळावं लागतं.

एवढं करूनही घसर वीस टक्क्यांच्या वर असेल तर टायरच्या नक्ष्या बघा. निम्म्याहून जास्त झिजलेल्या नक्ष्या सुक्या ढेकळात कशाबशा चालतात, ओलीत नाही. आणि त्यानंतरही फरक नसेल तर नांगर मोठा आहे. बारा इंचीऐवजी दहा इंची फाळ, किंवा एक फाळ उतरवता येत असेल तर उतरवून चालवणं, हाच खरा उपाय.

बांधावर वळताना पुढचं उचलतं

हा धोक्याचा भाग आहे. नांगर वर उचलून वळताना पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान वीस टक्के भार राहिलाच पाहिजे, तरच स्टिअरिंग ऐकतं. विहिरीच्या कडेने, ओढ्याच्या उताराला किंवा रस्त्यावर नांगर उचलून जाताना पुढचं हलकं झालेलं असेल तर ट्रॅक्टर कुठं जाईल ते चालकाच्या हातात राहत नाही.

पलटी नांगरात हा त्रास जास्त, कारण दोन फाळी पलटीला प्रत्यक्षात चार फाळ असतात, दोन खाली आणि दोन वर. साध्या नांगरापेक्षा वजन बरंच वाढतं आणि ते ट्रॅक्टरपासून लांब लटकतं. हिशोब असा: नांगराचं वजन, गुणिले मागच्या अॅक्सलपासून नांगराच्या मध्यापर्यंतचं अंतर, भागिले पुढच्या-मागच्या अॅक्सलमधलं अंतर. जे येतं तेवढे किलो पुढून कमी होतात.

दोन टनाच्या ट्रॅक्टरवर पुढे साधारण ७६० किलो असतात. नांगर ४२० किलोचा, मध्य १.६ मीटर मागे, दोन अॅक्सलमध्ये २ मीटर. पुढून ३३६ किलो गेले, राहिले ४२४, म्हणजे एकवीस टक्के. काठावर पास. याच ट्रॅक्टरला ६०० किलोचा तीन फाळी पलटी लावला, मध्य १.८ मीटर मागे गेला, तर पुढून ५४० किलो जातात आणि २२० उरतात. अकरा टक्के. इथं ट्रॅक्टरची हायड्रॉलिक १५००-१६०० किलो उचलते हा आकडा कामाचा नाही. तो आकडा खालच्या हातांच्या, म्हणजे नांगर धरणाऱ्या खालच्या दोन दांड्यांच्या, टोकाशी मोजलेला असतो, नांगराचा भार त्याच्याही मागे असतो. शिवाय हायड्रॉलिक उचलू शकते म्हणजे ट्रॅक्टर तोल सांभाळू शकतो असं नाही.

उपाय पुढच्या वजनांचा. पुढच्या अॅक्सलच्या ६० सें.मी. पुढे टांगलेले १०० किलो पुढच्या चाकांवर १३० किलोंची भर टाकतात, कारण ते लांब असतात. त्यातले ३० मागच्या चाकांवरून येतात हे विसरू नका. पुढे गरजेपेक्षा जास्त वजनं लटकवली की मागची पकड कमी होते आणि चाक पुन्हा फिरायला लागतं. बंपरवर माणूस बसवणं हा उपाय होऊ शकत नाही. उन्हाळ्यात हे चित्र दरवर्षी दिसतं, आणि खाली नांगर अडकून ट्रॅक्टर पुढून उठला तर त्या माणसाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

रस्त्याने नेताना नांगर गरजेपुरताच उचला आणि खालच्या हातांच्या साखळ्या ताणून ठेवा. रानात त्या थोड्या सैल हव्यात.

नांगर घुसत नाही, वरवर चालतो

यात बहुतेक वेळा फाळ झिजलेला असतो. फाळाच्या टोकापासून मागच्या टाचेपर्यंत खालून एक सरळ पट्टी लावून बघा, मध्ये ३ ते ५ मिलिमीटर पोकळी दिसली पाहिजे. ती पोकळीच नांगराला खाली ओढते. पट्टी सपाट बसली तर फाळ बदला किंवा लोहाराकडून टोक भरून घ्या. नांगरावर दगड-गोणी ठेवून हे भागत नाही, तव्यांच्या नांगराला वजनाने घुसायचं असतं, फाळाच्या नांगराला नाही.

टॉप लिंक, म्हणजे जोडणीची वरची मधली दांडी, आखूड केली की फाळाचं टोक खाली वळतं आणि नांगर घुसतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तिचा अतिरेक झाला की नांगर नाकावर चालतो, मागचा फाळ उथळ राहतो आणि ओढ विनाकारण वाढते. दहा-पंधरा मीटर चालल्यावर ट्रॅक्टर थांबवून खाली उतरा: नांगराची चौकट बाजूने बघितली तर जमिनीला समांतर हवी. मागून बघितल्यावरही सरळ हवी. पलटी नांगरात हे दोन्ही बाजूंना, उलटवून, वेगवेगळं तपासायचं. एका बाजूला तास छान आणि परतीच्या तासाला वाकडा, या तक्रारीचं कारण उलटण्याच्या अटकावाचे दोन बोल्ट सारखे नसणं हे असतं.

आणि रान. वाफसा गेलेल्या, भेगा पडलेल्या काळ्या रानात कुठलाही नांगर घुसायला त्रास देतो आणि घुसला तर माणसाने उचलू नये अशी ढेकळं काढतो. हरभरा निघाल्या निघाल्या, आत थोडी ओल असताना नांगरलेलं रान आणि मेमध्ये नांगरलेलं रान यात ट्रॅक्टरच्या कष्टात मोठा फरक पडतो. हुमणीची अळी आणि हरळीचं गवत मरावं म्हणून रान तापू द्यायचं ते नांगरट झाल्यावर.

एका बाजूला ओढतो

स्टिअरिंग सतत एका बाजूला धरावं लागत असेल तर मागच्या दोन टायरच्या आतल्या कडांमधलं अंतर मोजा. एक चाक तासात चालतं, त्यामुळे तासाची भिंत त्या चाकाच्या आतल्या कडेला येते. दोन फाळी नांगराला ट्रॅक्टरची चाकं फार रुंद लावलेली असली की नांगराचा भार मध्यरेषेच्या एका बाजूला पडतो. चाकं जितकी आत घेता येतील तितकी घ्या, पुढच्या चाकांचं आतलं अंतरही तेवढंच ठेवा. तीन फाळीला रुंद लावलेली चाकं चालतात.

टायर आणि फाळाच्या रुंदीचाही मेळ हवा. १३.६ चा टायर जवळजवळ ३५ सें.मी. रुंद, बारा इंची फाळाचा तास ३० चा. टायर थोडा कडेवर चढतो पण चालून जातं. १६.९ चा टायर त्याच तासात घातला तर तो नुकतीच पलटलेली माती परत दाबत जातो. रुंद टायरला चौदा इंची फाळ योग्य.

माती पत्र्याला चिकटते

काळी माती ओली असताना फाळावरच्या, माती पलटणाऱ्या अखंड पत्र्यावर चिकटते, मग नांगर माती पलटायच्या ऐवजी ढकलतो आणि ओढ वाढते. इथं पट्ट्यांचा, मध्ये फटी असलेला पत्रा चांगला. दगडगोटे, मुरूम किंवा मुळं असलेल्या रानाला तव्यांचा नांगर.

नवा घ्यायचा असेल तर

ट्रॅक्टरचा सरकारी चाचणी अहवाल मागा. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टर तपासले जातात. त्या अहवालात वजन, पुढच्या-मागच्या अॅक्सलवरचा भार, वजनं लावून आणि न लावता मिळणारी खेच, हायड्रॉलिकची उचल असं सगळं असतं. जाहिरातीतल्या एचपीपेक्षा ती दोन पानं जास्त उपयोगाची. नांगराचं वजनही लेखी घ्या. विक्रेत्याला ते सांगता येत नसेल तर वजनकाट्यावर घालून घ्या.

अनुदानाच्या यादीवरून नांगर ठरवू नका. तिथं ३५ एचपीच्या वरचे ट्रॅक्टर एका गटात येतात, पण ४० चा आणि ६० चा ट्रॅक्टर एकच नांगर ओढू शकत नाहीत. द्राक्षबागेतल्या २०-२५ एचपीच्या लहान ट्रॅक्टरला, तो चारही चाकांवर चालणारा असला तरी, काळ्या रानात एक फाळी पलटीच पुरे. खालच्या हातांच्या पिनाही जुळवून बघा: लहान ट्रॅक्टरच्या २२ मि.मी., ४० च्या पुढच्या ट्रॅक्टरच्या बहुधा २८. बुश घालून भागवलेली पिन नांगरटीच्या झटक्यांत सैल होते. हायड्रॉलिक पलटीला ट्रॅक्टरवर बाहेरचा तेलाचा व्हॉल्व्ह लागतो, तो आहे का ते आधी बघा, नंतर बसवायचा खर्च विक्रेता सांगत नाही.

चार-पाच एकरांसाठी स्वतःचा पलटी घ्यावा का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. भारी रानातही खोल नांगरट दर वर्षी लागत नाही, दोन-तीन वर्षांतून एकदा पुरते. तेवढ्या दिवसांसाठी भाड्याने जड ट्रॅक्टर आणि जुळणारा नांगर बोलवावा, आणि घरच्या ट्रॅक्टरला मोगडा-रोटाव्हेटर ठेवावा, असं माझं मत आहे. ज्यांना भाड्याची कामं करायची आहेत त्यांचं गणित वेगळं.

घ्यायचाच ठरला तर पैसे देण्याआधी नांगर आपल्या रानात, आपल्या ट्रॅक्टरला लावून चालवून बघा. दुकानामागच्या मोकळ्या प्लॉटवर दाखवलेलं चालणार नाही. सगळ्यात कडक पट्टा निवडा, हव्या त्या खोलीवर लावा, खडूची खूण करून दहा फेरे मोजा, आणि बांधावर नांगर पूर्ण उचलून पुढचं चाक जमिनीला कसं टेकतं ते एकदा खाली उभं राहून बघा.